गायधनी सरांचं मिसूरी

कुणी ‘आता सगळं छान चाललंय’ म्हणालं की गायधनी सर घाबरायचे. समोरचा कप बाजूला सारायचे, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि विचारायचे, “छान म्हणजे कशावरून?” आता यावर माणसानं काय सांगायचं? परवा आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘यंदा एकही वाद नाही, सगळं स्मूथ.’ त्याखाली धडाधड अंगठे पडले, आणि मला सरांचा तो चष्मा पुसणारा हात आठवला.

सर नाशिकच्या एका कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. त्यातही सगळी अमेरिका नाही, एकोणिसाव्या शतकाची फक्त पहिली तीस-चाळीस वर्षं. लढाई करून देश मिळालेला, आपसातली लढाई अजून व्हायची, तो मधला काळ. “मधल्या काळाकडे कुणी बघत नाही चिटणीसबाई. आजार तेव्हाच अंगात शिरतो,” असं ते म्हणायचे. मी मंडळाची चिटणीस, म्हणून चिटणीसबाई. तुम्हाला माझं नाव तरी माहीत आहे का, असं एकदा मी चिडून विचारलं. तर म्हणाले, “पहिल्या दिवशी विचारलं होतं. विसरलो. आता परत विचारायची लाज वाटते.” यावर रागवायचं तरी कसं?

बायको गेल्यावर मुलगी मीनल त्यांना सिंगापूरला घेऊन आली. मरीन परेडला कॉन्डो, बाविसाव्या मजल्यावर, बाल्कनीतून समोर समुद्र. आम्ही बेडोकच्या फ्लॅटवाले, आम्हाला त्या बाल्कनीचा कोण हेवा. सर मात्र तिथे उभे राहायचे नाहीत. समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं त्यांना बघवायची नाहीत. “एवढी सगळी एका जागी थांबलीत, ती कशाची वाट बघतायत?” बंदरात जागा मिळायची वाट बघतात बाबा, रोजचंच आहे हे, असं जावई समजावायचा. सर मान डोलवायचे आणि पडदा ओढून घ्यायचे. नात इथल्या पोरांसारखी वाक्याला ‘ला’ जोडून म्हणायची, “आजोबा, रिलॅक्स ला.” ते म्हणायचे, “प्रयत्न करतो ला.”

रविवारी सकाळी ते बसनं बेडोकच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, यायचे आणि मी भाजी घेऊन तिथे टेकायची. त्यांची कोपी, म्हणजे इथली कॉफी, माझा चहा. तिथे मला, फायनान्स सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईला, त्यांनी अमेरिका शिकवली. माझा कप म्हणजे उत्तर, गिरण्या आणि कारखाने. त्यांचा कप म्हणजे दक्षिण, कापूस आणि तो वेचणारे गुलाम. दोघं मिळून एक देश, एक झेंडा, आणि पश्चिमेला मोकळी जमीन पडलेली. मग ते खिशातून टिश्यूचं पाकीट काढून टेबलाच्या मोकळ्या बाजूला ठेवायचे. इथे टेबलावर पाकीट ठेवलं की जागा आपली झाली, कुणी विचारत नाही. “आता सांगा, त्या मोकळ्या जमिनीवर पाकीट कोणाचं पडणार? गुलाम ठेवणाऱ्यांचं की न ठेवणाऱ्यांचं? सगळा झगडा एवढाच आहे. बाकी भाषणं.” एकदा ट्रे घेऊन आलेल्या एका चिनी आजींनी ते पाकीट बघून मुकाट्यानं दुसरं टेबल शोधलं. सर धावत गेले, त्यांना हाताला धरून परत आणलं, आणि आजी पश्चिम अमेरिकेत बसून शांतपणे नूडल्स खायला लागल्या.

त्या मधल्या काळात म्हणे काही वर्षं अशी होती, की देशात एकच पक्ष उरला होता. सगळे एकमेकांशी गोड. पुस्तकांत त्याला सद्भावनेचं युग म्हणतात. ते युग शिकवताना सरांना धाप लागायची. “इतके गोड बोलतात, म्हणजे काहीतरी बोलायचं टाळतायत,” एवढं सांगून ते आजूबाजूला बघायचे.

आता आमचं मंडळ. सगळ्या सिंगापूरभर पसरलेली मराठी माणसं, गणपती एक. आणि एवढ्याशा बेटावर आमच्यात ईस्ट आणि वेस्ट. ईस्टला कॉन्डोवाले, नवरा-बायको दोघं नोकरीला, घरी स्वयंपाकाला वेळ नाही. त्यांचं म्हणणं, मोदक केटररकडून मागवा. वेस्टला जुरोंग-क्लेमेंटीकडे जुनी मंडळी, त्यांच्या बायकांचा उकडीच्या मोदकात हात धरणारं कुणी नाही. कमिटीनं ठराव केला, प्रसाद केटररचाच. वेस्टनं सांगितलं, हा ठराव आमच्याकडे लागू नाही. निरोप वाचून सर कोपी सांडता सांडता राहिले. “साउथ कॅरोलायना. शब्दन् शब्द साउथ कॅरोलायना. जकातीचा कायदा वॉशिंग्टनच्या सरकारनं केला आणि हे म्हणाले, आमच्या राज्यात तो रद्द. फौज पाठवायची भाषा झाली होती चिटणीसबाई.” मी म्हटलं, सर, मोदक आहेत ते. ते म्हणाले, “तेही म्हणायचे, जकात आहे ती.”

भांडण इतकं पेटलं की मंडळ फुटायची वेळ आली. वेस्टचे पुढारी हेमंत पाटणकर, एका शिपिंग कंपनीत मॅनेजर, आणि ईस्टची अध्यक्ष म्हणजे सरांचीच मीनल. दोघं एकमेकांना ‘रिगार्ड्स’ लिहून मेल पाठवायला लागले, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं. तेव्हा दोघांनी मिळून सरांना मध्ये घातलं. सरांनी तोडगा काढला. कमिटीत ईस्टचे जितके, तितकेच वेस्टचे. ईस्टचा नवा माणूस आत घ्यायचा तर त्याच दिवशी वेस्टचाही एक घ्यायचा. आणि आरत्यांचा मान मात्र डोकी मोजून, ज्या बाजूला माणसं जास्त त्या बाजूला आरत्या जास्त. मोदक दोन्ही. सगळे खूश. सरांना शाल दिली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बघते तर चेहरा उतरलेला. “मिसूरी करून आलो,” म्हणाले. मिसूरीला गुलामांसकट देशात घ्यायचं होतं, तेव्हा तोल राहावा म्हणून उत्तरेकडून मेन नावाचं राज्य घेतलं, आणि उरलेल्या जमिनीवर नकाशात एक रेघ मारली. रेघेच्या वर गुलामी नाही, खाली आहे. सगळे हुश्श झाले. “तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, की ही रेघ म्हणजे तुंबलेल्या गटारावर टाकलेली सतरंजी. आणि काल स्वतःच्या हातानं अंथरून आलो.” मी म्हटलं, पण सर, आपल्याकडे सतरंजीखाली काय आहे? ते चष्मा पुसत बसले.

सतरंजीखाली संतोष म्हात्रे होता.

संतोष उरणचा. तुआसच्या बाजूला एका शिपयार्डात पाइप फिटर, वर्क परमिटवर, राहायला डॉर्मिटरीत. त्याच्यासारखी पाच-सहा मुलं होती, आमचं ढोलपथक म्हणजे तीच. मखर उचलणं, मूर्ती आणणं, शेवटी हॉल झाडणं, सगळं तीच करायची. पण मंडळाचं सदस्यत्व होतं कुटुंबाला. आमच्यासारख्यांच्या नोकरीच्या पासवर कुटुंब आणता येतं, त्यांच्या परमिटवर येत नाही. मग ज्याला कुटुंब आणायची परवानगीच नाही, त्यानं कुटुंब म्हणून फॉर्म कसा भरायचा? हा प्रश्न ईस्टनं कधी काढला नाही आणि वेस्टनंही नाही. ढोल छान वाजवतात हो मुलं, इथवरच सगळ्यांचं एकमत.

एका रविवारी तालीम आटोपून संतोष आमच्या टेबलाशी आला. बसायला सांगितलं तरी उभाच. म्हणाला, “मॅडम, एक विचारू? एकदा आरतीचं तबक माझ्या हातात मिळेल का? एकच आरती. आई तिकडे मोबाइलवर बघते. कॅमेरा गणपतीसमोर असतो, आम्ही ढोल घेऊन बाहेर. तिला मी कधी दिसतच नाही. म्हणते, तू खरंच जातोस का रे गणपतीला, का मला बरं वाटावं म्हणून सांगतोस?” हसत हसत सांगत होता. सर ताडकन उठले आणि त्याचा हात धरून म्हणाले, “मिळेल. का नाही मिळणार?”

मी मीटिंगमध्ये विषय मांडला. मीनलच्या कॉन्डोचा फंक्शन रूम, शनिवारची दुपार, समोसे. आरत्या सदस्यांनाच, हा नियम. म्हणून आधी संतोषच्या मुलांना सदस्य करायचं का, हे ठरायचं होतं. पाटणकरांनी सगळ्यात आधी हात वर केला. मला वाटलं, वा. ते म्हणाले, “मुलं तुआसला राहतात, म्हणजे वेस्टची. डोकी मोजताना त्यांना आमच्यात धरा, आमच्या आरत्या वाढतील. मत वगैरे देण्याची गरज नाही, शिफ्टमुळे ती मीटिंगला येणार नाहीत. आणि वाढलेल्या आरत्या आम्ही आमच्या फॅमिलीजमध्ये वाटून घेऊ.” मीनल म्हणाली, “मत नाही तर डोकंही धरायचं नाही. जसं चाललंय तसं चालू दे.” आणि तिथून जी जुंपली, त्यात डोकी, आरत्या, टक्के, सगळं आलं. तबक कोणी मागितलं होतं, हे दहा मिनिटांत सगळे विसरले.

सर कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, ते उठले. म्हणाले, “अमेरिकेच्या घटनेत एक कलम होतं. दक्षिणेकडच्या राज्यांना किती प्रतिनिधी द्यायचे ते ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं मोजायचे. मोजायचं त्यांना आणि मत द्यायचं मालकानं. मी तुलना करत नाही. ते माणसं विकत होते. आपण फक्त...” आणि ते थांबले. त्यांना पुढचा शब्द सापडला नाही, आणि आम्हा कोणालाच तो ऐकायचा नव्हता. पाटणकर एवढंच म्हणाले, “सर, इट्स जस्ट अ‍ॅन आरती.”

मी मत घ्यायला उभी राहिले. मुलांना पूर्ण सदस्य करावं या बाजूनं कोण? माझा हात वर गेला. सरांचा गेला. आणखी तीन-चार गेले. मी मोजत होते, तेवढ्यात मीनल हळूच म्हणाली, “बाबा, तुमचं मत आपल्या कुटुंबात धरलंय. एका कुटुंबाला एकच, आणि ते मी देते आहे.” तिनं ते वाईटपणानं म्हटलं नव्हतं. नियमच होता. सर बराच वेळ हात तसाच वर ठेवून उभे राहिले, मग त्यांनी तो खाली घेतला. इतकी वर्षं मतांचा इतिहास शिकवलेला माणूस, स्वतः तोडगा काढून टिकवलेल्या मंडळात त्याला मत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं.

ठराव पडला. तरी भांडण थांबेना. पाटणकरांनी कागद गोळा केले आणि म्हणाले, आम्ही आमचा गणपती वेगळा बसवतो, जुरोंगला. मीनलचे डोळे भरले. “आम्हाला इथे दुसरं आहे कोण?” ती बापाकडे बघून म्हणाली. “पोरांना निदान एक गणपती तरी एकत्र बघू देत.” आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. सर म्हणाले, “थांबा. यंदा आहे तसंच राहू दे. पुढच्या वर्षीची पहिली आरती संतोषची. सदस्य असो नसो, खास बाब म्हणून. दोन्ही बाजूंनी लिहून द्या.” पुढच्या वर्षी म्हटल्यावर कुणालाच अडचण नव्हती. एकमतानं पास. टाळ्या. पाटणकरांनी मीनलला समोसा दिला.

संतोषला सांगायला सर स्वतः गेले. तो म्हणाला, “चालेल की सर. एका वर्षाचं काय?” त्या वर्षी त्यानं असा ढोल वाजवला की कॉन्डोचा गार्ड दोनदा सांगायला आला. विसर्जनाला सगळे घसा फोडून ‘पुढच्या वर्षी लवकर या’ ओरडत होते. सर ओठ मिटून उभे होते.

ते वर्ष त्यांनी कसं काढलं, मला विचारा. दर रविवारी एकच. संतोष बरा आहे ना? शिपयार्डात अपघात फार होतात म्हणे. त्याचं परमिट कधी संपतं? मी म्हणायची, सर, तुम्ही जिवाला फार लावून घेता. ते म्हणायचे, “रेघ मारणाऱ्याचं काही जात नाही चिटणीसबाई. वाट बघणाऱ्याचं जातं. तिकडे रेघ मारली तेव्हा कापूस वेचणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं, की तुला थांबायला जमेल का?” कोपी गार व्हायची.

पावसाळी ढगांच्या एका सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि सरांचे फोनवर फोन. शिपयार्डाचं काम संपलं होतं. परमिट वाढवणार नव्हते. संतोषच्या सगळ्या तुकडीला त्याच दुपारच्या विमानानं परत पाठवत होते. गणपती अजून तीन महिने लांब. “आपण मीनलकडे आत्ता आरती करू. तुम्ही टॅक्सी काढा, त्याला घेऊन या. मूर्ती नसली तरी तसबीर आहे.” मी म्हटलं, सर, कंपनीच्या बसमधून थेट चांगीला नेतात त्यांना. मध्ये कुठे उतरवत नाहीत. “मग आपणच तिकडे जाऊ,” सर म्हणाले.

आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा मुलं रांगेत होती, एकेकाच्या पायाशी दोरीनं बांधलेला खोका. संतोष आम्हाला बघून रांग सोडून आला आणि सरांच्या पाया पडला. सर म्हणाले, “संतोष, माझं चुकलं रे. मी त्या दिवशी त्यांना भांडू द्यायला हवं होतं. फुटलं असतं तर फुटलं असतं.” संतोषला खरंच कळेना की हे एवढे का कळवळतायत. त्यानंच सरांची समजूत काढली. म्हणाला, “असं काय सर. मंडळ टिकलं ना? मग झालं तर.”

सर तिथेच बाकावर बसले.

गणपती आले. पहिली आरती रिकामी झाली होती, तेव्हा कमिटीनं चिठ्ठ्या टाकल्या. ईस्ट-वेस्ट कुरबूर नाही, काही नाही. चिठ्ठी मीनलच्या कुटुंबाची निघाली, पाटणकरांनीच पहिल्यांदा तिचं अभिनंदन केलं. सरांचा इथे राहायचा पास त्यानंतर महिन्याभरात संपणार होता. त्यांनी तो वाढवू दिला नाही, नाशिकला निघून गेले आणि परत आले नाहीत. पण मला ते शेवटचे दिसले ते खरं तर त्या पहिल्या आरतीच्या संध्याकाळी.

आरतीची वेळ झाली आणि सर हॉलमध्ये नव्हते. मीनलनं मला बघायला पाठवलं. ते बाहेर गाड्यांच्या वाटेवर, भिंतीकडे तोंड करून उभे, हातात मोबाइल. मी जवळ गेले. व्हिडिओ कॉलवर उरणचं घर होतं, ट्यूबलाइट, दाटीवाटीनं उभी माणसं, आणि मधोमध संतोष, हातात तबक. नवा शर्ट घालून, घामाघूम, मोठ्यानं आरती म्हणत होता. शेजारी त्याची आई टाळ्या वाजवत होती. मध्येच तिनं फोनकडे बघून काहीतरी विचारलं, हे कोण म्हणून विचारलं असावं. संतोष आरती न थांबवता तिच्या कानाशी वाकला, आणि मला त्याचे शब्द नीट ऐकू आले. “आमच्या मंडळाचे सर.”

सरांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. चित्र सारखं हलत होतं, म्हणून मी खालून आधार दिला. आतून माइकवर मीनलचं आणि तिच्या कुटुंबाचं नाव पुकारलं. थोड्या वेळानं पुन्हा पुकारलं. “सर, आपल्याला बोलावतायत,” मी म्हटलं.

“त्यांना म्हणावं, सुरू करा,” सर म्हणाले. “माझं मत तिथे धरलेलंच आहे.”

आणि ते संतोषच्या मागून आरती म्हणायला लागले.